दोन विहिरींचे मगदूम

मगदूमांवर मी अजून चिडलेला आहे. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या खेड्यात पायऱ्यांची विहीर दिसली की माझं त्यांच्याशी भांडण सुरू होतं. एकट्याचंच. बायको म्हणते, मेलेल्या माणसाशी कसला वाद घालता. तिला काय सांगू? जिवंतपणी घातला होता तेव्हाही मी जिंकलो की हरलो, ते मला कळलं नव्हतं.

गुरुपाद मगदूम आमच्या खात्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. मूळचे मिरजेच्या खालच्या अंगाचे. घरी कन्नड बोलायचे, त्यामुळे मराठी बोलताना वाक्याच्या शेपटाला एक 'की' अडकवून द्यायचे. "असतंय की." "बघू की." मी ओव्हरसियर, दगडचुन्याचा माणूस. ऑफिस साताऱ्याला, पण दोघांचाही जन्म चालला होता फिरतीवर, कडेगावच्या बाजूच्या माळांवर. त्यांनी रोग शोधायचा आणि त्यावर काही बांधायचं असेल तर ते मी बांधायचं, अशी आमची जोडी खात्याने जुळवून दिली होती. आमच्या पत्रिका मात्र कुणी बघितल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी त्यांना बघितलं ते पायांकडून. एका पायात नवी कातडी वहाण, दुसऱ्या पायात मोटारीच्या टायरची नवी कोरी. मला वाटलं, माणूस घाईत निघाला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला तरी तेच. शेवटी न राहवून मी विचारलं, "मगदूम, दुसरी वहाण हरवली काय?"

"हरवली नाही की. घरी आहे." मग अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "चांभार म्हणतो टायरची जास्त टिकते. दोन्ही पायांत टायर घातला तर कळणार कसं? रस्ता तोच पाहिजे, माणूस तोच पाहिजे, फरक फक्त वहाणेत पाहिजे."

अख्खा पावसाळा हा गृहस्थ तसा फिरला. कचेरीतले शिपाई पाठीमागे हसायचे. मी तोंडावर हसायचो. त्यांना कशाचंच काही वाटत नसे. पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी निकाल दिला की टायर टिकतो, पण टाच सोलतो. आणि पुन्हा दोन्ही पायांत कातडी घालून आले.

घरी तर कहर होता. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तर गिरिजावहिनी, म्हणजे त्यांची बायको, वाढता वाढता म्हणाल्या, "भावजी, ह्यांना जरा सांगा. ढेकणांना रॉकेल लावलं, तेही पलंगाच्या अर्ध्याच बाजूला. माझ्या." मगदूम मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. मी म्हटलं, मग तुमची चैन झाली की वहिनी. त्या म्हणाल्या, "माझी झाली हो. सगळे ढेकूण ह्यांच्या बाजूला गेले. रात्रभर खाजवत बसतात आणि सकाळी मला सांगतात, रॉकेल लागू पडतंय म्हणून." हसून हसून माझा घास अडकला. मगदूमही हसले, पण अंगावरचे फोड दाखवायला विसरले नाहीत.

त्यांचं एक बोलणं मला पाठ होतं. "आमटी चाखल्याशिवाय पंगत बसवू नये." वरून कोणताही हुकूम आला की ते हेच म्हणायचे. साऱ्या जिल्ह्यात अमुक पावडर टाका, साऱ्या तालुक्यात तमुक खड्डे खणा. "पंगतीची घाई सगळ्यांना आहे. डाव तोंडाला लावून बघायला कुणी तयार नाही." आमच्या मोठ्या साहेबांसमोरही हे असंच बोलायचे. त्यामुळे बढती त्यांच्या दारावरून कैक वेळा गेली, आत काही आली नाही.

आता नारूबद्दल सांगतो. हल्लीच्या पोरांना तो माहीत नाही, देवाची कृपा. पायावर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून भोपळा, कधी गुडघा कायमचा धरलेला. आणि हे सगळं ऐन उन्हाळ्यात, मशागतीच्या तोंडावर. पायऱ्यांच्या विहिरीत फुटक्या पायाचा माणूस घोट्याएवढ्या पाण्यात उतरतो, किड्याची पिल्लं पाण्यात जातात, तेच पाणी सगळे पितात, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरोघरी पाय पसरून माणसं बसलेली. उपाय साधा होता. पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, वर कप्पी आणि दोर लावायचा. पाण्यात पायच शिरला नाही तर नारू येतो कुठून?

साहेबांना लगेच सगळा तालुका बांधून काढायचा होता. मगदूम म्हणाले, आधी एका गावात. आणि त्याच्या जोडीला तसंच दुसरं गाव निवडायचं आणि तिथे काहीच करायचं नाही. "काहीच करायचं नाही? त्याला योजना म्हणतात का?" साहेब कडाडले. पण लढाईचे दिवस होते, सिमेंट औषधालाही मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी मान डोलावली.

बिबेवाडी आणि हिंगणखोरे ही शेजारशेजारची गावं. वस्ती सारखी, विहिरी सारख्या, नारूही सारखाच. भिंत कुठे घालायची ते मगदूमांनी स्वतः ठरवलं नाही. दोन्ही पाटलांना शिवेवर बोलावलं आणि नाणं उडवलं. हिंगणखोरे हरलं. गर्दीतून एक बाई पुढे आली. सारजाबाई तिचं नाव, नवरा नव्हता, एकुलता एक पोरगा नामदेव. त्याला फौजेत जायचं होतं. भरतीला दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा पायातल्या नारूमुळे परत पाठवला गेला. पोटरीचे फोड दाखवत तोही तिथेच उभा होता.

"आवं साहेब," सारजाबाई म्हणाली, "आमी काय पाप केलं म्हून आमास्नी न्हाई?"

मगदूमांनी तिला सगळं समजावून सांगितलं. तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय भिंतीचा गुण कळणार नाही. नारू वर्षाने निघतो, तेव्हा दोन उन्हाळे कळ काढा. खरं ठरलं की पहिली भिंत तुमची. "शब्द देतो की," म्हणाले. तिने पोराच्या पायाकडे एकदा बघितलं. "बरं. आमी थांबतो," एवढंच म्हणाली.

मी बिबेवाडीची भिंत घातली. चांगली घातली, हे मी सांगितलं पाहिजे, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. बायका आधी कुरकुरल्या. पायऱ्यांवर बसून चार गोष्टी व्हायच्या त्या बंद झाल्या, दोराने हात सोलून निघायला लागले. पण पाटील खमका होता, त्याने सगळ्यांना दटावलं. पहिल्या उन्हाळ्यात तरीही नारू निघालाच. गावाने आम्हाला वेड्यात काढलं. मगदूम शांत. "हा मागच्या वर्षी प्यालेला आहे. थांबा की." ते महिन्या-पंधरवड्याला यायचे, येशीपासून सुरुवात करून घरोघर पाय बघायचे आणि पुन्हा येशीवर येऊन थांबायचे. मग हिंगणखोऱ्याला जायचे, तिथे तेच. तिथे सारजाबाई उंबऱ्यावर वाट बघत असायची. "आमचा लंबर कवा?" हा तिचा ठरलेला प्रश्न. "पुढच्या उन्हाळ्यानंतर," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मधल्या काळात नामदेवाच्या गुडघ्यातला नारू तुटला. गुडघा धरला. मगदूमांनी त्याला स्वतः बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण पाय काही सरळ झाला नाही. फौज संपली त्याची.

दुसरा उन्हाळा आला आणि बिबेवाडीत नारू नाही. एकही पाय नाही. हिंगणखोऱ्यात मात्र दरवर्षीसारखाच धुमाकूळ. बिबेवाडीच्या पाटलाने साखर वाटली, मोठे साहेब आले, हारतुरे झाले. साहेबांनी माझ्या भिंतीवर हात फिरवला. तालुक्यात सगळीकडे हेच करू म्हणाले, वर कळवूनही टाकलं. पहिलं नाव हिंगणखोऱ्याचं, हेही ठरलं. मगदूम त्या दिवशी इतके खुश होते की त्यांनी चहाला नाही म्हटलं नाही, आणि एरवी ते फिरतीवर चहा घेत नसत.

त्यानंतर आठवड्याभराची गोष्ट. आम्ही शेवटची फेरी म्हणून बिबेवाडीला गेलो. सरकारी माणूस आला की येसकर, म्हणजे वेशीचा राखणदार, येशीपासून पुढे चालायचा, सामान घ्यायचा, अशी रीत. बिबेवाडीचा येसकर धोंडी. दोन वर्षं तो मगदूमांची पिशवी घेऊन पुढे चालत होता. त्या दिवशी त्याच्याऐवजी त्याची म्हातारी आई आली होती.

"धोंडी कुठाय?" मगदूमांनी विचारलं.

"पडलाय घरात. पायात नारू हाय."

मगदूम चालता चालता थांबले. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मग ते वळले आणि येशीबाहेर चालू लागले, महारवाड्याकडे. मी मागोमाग. तिकडे आमच्यापैकी कुणी कधी गेलेलंच नव्हतं.

काय सांगू तिथलं. घराघरांतून माणसं पाय पसरून बसलेली. पोरं, बाया, म्हातारे. काडीला गुंडाळलेले नारू. पूर्वी इतका नव्हता, म्हातारी सांगत होती, पूर्वी गावाला होता तेवढाच त्यांनाही होता. धोंडी भिंतीला टेकून बसला होता, त्याचे दोन्ही पाय नारूने सुजलेले. मगदूम त्याच्यासमोर उकिडवे बसले. "अरे, तू माझ्यापुढे चालत होतास. सांगायचं नाही का?"

धोंडी ओशाळला. उत्तर त्याच्या आईने दिलं. "आमच्याकडं कोन इचारायला आलंच न्हाई, साहेब. तुमी येशीपातूर यायचा आन् तितनं माघारी फिरायचा."

ते पाणी कुठलं पीत होते? माळावरच्या जुन्या खाणीतलं. दगड काढून झाल्यावर साचलेलं, उतरतं, सगळ्यांचे पाय त्यातच. आणि तिकडे का जायला लागले? ते आम्हाला विहिरीवर कळलं. पाणी ओढत असलेल्या एका बाईला मगदूमांनी विचारलं, तर तिने काही न लपवता सांगितलं. तिच्या मनात काही वावगंही नव्हतं.

"आदी पायऱ्या हुत्या तवा खाली उतरायचो, वर येताना एक घागर त्यांच्या भांड्यात वतायचो. रीतच हुती. आता वढून वढून खांदं निखळत्यात, साहेब. आपलंच सरंना, त्यास्नी कोन वाढतंय?"

विहिरीला हात लावायचा हक्क महारवाड्याला तेव्हाही नव्हता, आधीही नव्हता. वरून कुणी ओतेल तेवढंच त्यांचं पाणी. आमच्या भिंतीने ते ओतणंही बंद पाडलं. मी बांधलेल्या भिंतीने.

त्या संध्याकाळी कडेगावच्या धर्मशाळेत आमचं भांडण झालं. मगदूम म्हणाले, साहेबांना सगळं लिहून कळवणार. गावात नारू थांबला आणि वाड्यात वाढला, दोन्ही. प्रत्येक गावात वाड्यासाठी वेगळी कप्पीची विहीर दिल्याशिवाय ही भिंत कुठेही घालू नये, असं लिहिणार.

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का? साहेबांकडे एका विहिरीचे वांधे, दुसरी कुठून देणार? तुम्ही आत्ता यश लिहा. सगळ्या गावांच्या भिंती होऊ द्या. वाड्यांचं पुढच्या वर्षी बघू."

"ओव्हरसियर," ते म्हणाले, "वाड्यात पुढचं वर्ष कधी आलेलं बघितलंय तुम्ही?"

"आणि हिंगणखोरे? त्यांना शब्द कुणी दिला? तुम्ही. तिथल्या शेकडो पायांचं काय? नामदेवासारख्या आणखी किती पोरांचे गुडघे जाऊ द्यायचे?"

ते म्हणाले, "मी मोजायला चुकलो. दोन गावं सारखी आहेत म्हणालो आणि दोन्ही गावं अर्धीच मोजली. आता चाखलेली आमटी कडू निघाली, तर पंगत कशी बसवू?"

मी रागाने अंथरूण घेऊन बाहेर ओट्यावर झोपलो. खरं सांगायचं तर तेव्हाही माझी खात्री होती आणि आजही अर्धीअधिक आहे, की त्यांनी यश लिहायला हवं होतं. निम्म्या लोकांचं भलं झालं असतं. उरलेली अर्धी खात्री धोंडीचे पाय आठवले की जाते.

त्यांनी लिहिलं. साहेब असे भडकले की विचारू नका. आधीच वर कळवून बसले होते, त्यांची नाचक्की झाली. "यशस्वी म्हणा नाहीतर अयशस्वी म्हणा. दोन्ही कसं असेल?" मगदूम म्हणाले, "दोन्ही खरं आहे की." मग साहेबांनी सोपं होतं ते केलं. प्रयोग फसला असा शेरा मारला आणि सगळी योजना गुंडाळून ठेवली. एकही भिंत नाही. दुसरी विहीर तर नाहीच. बिबेवाडीच्या पाटलाला मगदूमांनी विनवलं, वाड्यासाठी पाणी ओढायला एक गडी लावा. पाटील "व्हय व्हय" म्हणाला. आमची पाठ वळेपर्यंत तो गडी होताही.

हिंगणखोऱ्याला सांगायला जायची मगदूमांना काही सक्ती नव्हती. कुणीही सरकारी माणूस गेला नसता. लढाईच्या त्या वर्षांत तर गोऱ्या सरकारचे नोकर म्हणून गावं आमच्याकडे वाकड्या नजरेनेच बघत होती. पण ते गेले, आणि एकट्याला कसं सोडायचं म्हणून मी गेलो. विहिरीपाशी माणसं जमली. मगदूमांनी लपवाछपवी न करता सांगितलं की भिंत येणार नाही. का येणार नाही तेही सांगितलं. माणसं ऐकत होती. वाड्यातली काही लांब उभी होती, त्यांनीही ऐकलं. ओरडलं कोणी नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सारजाबाई पायरीवर बसली होती. नामदेव काठी घेऊन तिच्यामागे. ती म्हणाली, "म्हंजे आमी दोन उनाळं उगाच थांबलो."

"हो," मगदूम म्हणाले.

"आमास्नी नुसतं बघत बसलासा."

"हो."

उन्हातून माणूस गावात आलाय, म्हणून ती उठली, पायऱ्या उतरून विहिरीतून तांब्या भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. खाली एक पोर पायाला चिंधी बांधून पाण्यात उभं होतं, मी बघत होतो. मगदूमांनीही बघितलं. मी खिशातून रुमाल काढून पुढे केला आणि हळूच म्हटलं, "गाळून तरी घ्या."

"दोन वर्षं मी ह्यांना न गाळता पाजलंय," ते म्हणाले आणि तांब्या तोंडाला लावला. सगळा प्याले. मला इतका संताप आला की मी त्यांच्यासाठी थांबलोसुद्धा नाही, गाडीत जाऊन बसलो. ह्याने कुणाचा गुडघा सरळ होणार होता? ह्याला शहाणपण म्हणत नाहीत. पण सारजाबाईने रिकामा तांब्या परत घेताना पहिल्यांदाच डोळ्याला पदर लावला, तेही मी गाडीतून बघितलं.

महिन्याभरात मगदूमांची बदली झाली. नंतर त्यांनी नोकरी सोडली असं ऐकलं. पत्र मी लिहिलं नाही, त्यांनीही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी कामासाठी सांगलीला गेलो होतो. सकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो तर पाण्याच्या दोन पायऱ्या वर एक उंच, वाळलेला माणूस कोरडाच उभा. हातात तांब्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होता, "जरा भरून देता का?" लोक त्याच्याकडे बघून पुढे जात होते. नदी हातभर अंतरावर आणि हा पाणी मागतोय, वेडाच असेल, असं वाटत असणार. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या भांड्यात कोण पाणी ओततो?

मी जवळ गेलो. डाव्या घोट्याला चिंधी होती आणि चिंधीतून काडीचं टोक दिसत होतं.

त्यांनी मला ओळखलं. हसले नाहीत, दचकलेही नाहीत. "हा पाय पाण्यात घालता येत नाही की," म्हणाले. वाहत्या नदीत काही होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तांब्या घेतला, भरून दिला.

"हिंगणखोऱ्याला गेला होता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भिंत?"

"नाही झाली."

त्यांनी मान हलवली. घाटाच्या कडेला, पाणी पुन्हा नदीत जाणार नाही अशा बाजूला सरकले, खाली बसले आणि घोट्यावर धार धरली. मी उभाच होतो. मनात आलं, विचारावं, आता कुठल्या गावात मोजणार हा पाय? तोंडापर्यंत आलेलं गिळलं. एवढा कडू मीही नव्हतो.

तांब्या संपला. त्यांनी मान वर न करता तो माझ्या दिशेने धरला.

"अजून एक द्या, ओव्हरसियर."